शिकागोत व्हीगन सोल फूड: कोणी खाल्लंय का? (आणि नसेल तर का नाही?)

पोटोबा:
नमस्कार मंडळी. धागा मुख्यतः शिकागोकरांसाठी आहे पण बाकीच्यांनीही हात धुऊन घ्यावेत.

माझ्या ऑफिसात एक जण आहे, कृष्णवर्णीय, जन्माने साउथ साइडचा म्हणजे शहराच्या दक्षिण भागातला, आजीआजोबा मिसिसिपीतून रेल्वेने इकडे आलेले. तो मला कायम ऐकवायचा की एवढा खाण्याच्या गप्पा मारतोस आणि आमचं सोल फूड, म्हणजे दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांचं घरगुती खाणं, चाखलं नाहीस. आता मी अंडंही न खाणारा माणूस. सोल फूड म्हटलं की तळलेली कोंबडी आणि डुकराच्या बरगड्या. पण खरी गोची त्यांची नाहीये, त्या दिसतात, टाळता येतात. गोची आहे ती भाज्यांची! कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी, ती शिजते हॅम हॉकवर म्हणजे डुकराच्या पायाच्या धुरावलेल्या तुकड्यावर, नाहीतर टर्कीच्या तंगडीवर. चवळीत बेकन. कॉर्नब्रेडच्या (मक्याच्या पिठाचा ब्रेड) तव्याला चरबी, पाय (pie) नावाच्या गोड पदार्थाच्या पारीतसुद्धा चरबी. एका ठिकाणी (नाव नको) वाढणाऱ्या बाईंनी छातीठोक सांगितलं की बीन्स व्हेज आहेत, आणि वाटीच्या तळाशी गुलाबी तुकडे निघाले. विचारलं तर म्हणाल्या, "ते नुसतं चवीला आहे."

तर मागच्या रविवारी तोच मला त्याच्या गल्लीतल्या व्हीगन (मांस, अंडं, दूध काहीच नाही अशा) जागी घेऊन गेला. हॉटेलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अ‍ॅडमिन जाहिरात म्हणून धागा उडवतात, हवं असेल त्यांनी विपूत (विचारपूस) खाजगी निरोप टाका. एका बाजूला केस विणून देणाऱ्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री, मधे हे. आठदहा टेबलं, भिंतीवर जुने फोटो, काचेमागे गरम ट्रे मांडलेले आणि रांग दाराबाहेर, कारण चर्च नुकतं सुटलेलं आणि हॅटवाल्या आज्या, सूट घातलेली पोरं सगळी थेट तिथेच आलेली. पद्धत अशी की एक मेन, दोन साइड्स आणि कॉर्नब्रेड. काउंटरवरच्या मावशी प्रत्येकाला 'बेबी' म्हणून विचारतात, माझ्या पुढे सत्तरीचे आजोबा होते, तेही बेबीच. मी मेनूकडे बघत उभा राहिलो तर म्हणाल्या, "बेबी, मागे लोक आहेत," आणि स्वतःच ठरवून ताट भरलं.

आता ताट. ग्रीन्स आधी सांगतो कारण बाकी सगळं विसरलो तरी ते विसरणार नाही. गडद हिरवा, जवळजवळ काळपट पाला, देठं काढून पट्ट्या कापलेल्या, तासभर तरी मंद आचेवर शिजलेला, पण लगदा नाही, दाताखाली पान कळतं. त्यात कांदा, लसूण, स्मोक्ड पॅप्रिका, मिरचीचे फ्लेक्स आणि शेवटी व्हिनेगर. धुराची चव आहे, मांस नाही. खाली जे पाणी राहतं त्याला पॉट लिकर म्हणतात आणि ते कुठल्याही परिस्थितीत टाकायचं नाही, कॉर्नब्रेड कुस्करून त्यात घालायचा. मित्र तेच करत होता, मी बघून बघून केलं, आणि नंतर वाटी तोंडाला लावली.

चवळी उत्तम, जरा अगोड, आपल्यासारखा गूळ नाही. रताळ्याच्या फोडी पाकातल्या, जायफळ दालचिनी घातलेल्या, मला जास्तच गोड वाटल्या. मॅक अँड चीज (चीजमधली मॅकरोनी), पण चीज काजूचं. ते ठीक. 'चिकन' म्हणून जे होतं ते ऑयस्टर मशरूम, मक्याच्या पिठात घोळवून तळलेलं, बाहेरून कुरकुरीत, वर लाल हॉट सॉस. मस्तच.

ताट १९ डॉलर. संध्याकाळी जेवलो नाही.

कोणी असं अजून कुठे खाल्लंय? अटलांटा, डीसी, ओकलंडवाले कुठे आहेत?

नागपुरी_ठसका:
भाऊ, मांस काढून सोल फूड म्हणजे मटणाशिवाय सावजी झालं ना बे. मग उरलं काय? १९ डॉलरमधे पाला आणि रताळं खाऊन आलास आणि वर धागा काढला 😀

पोटोबा:
@ठसका, सावजीकडे पाटवडी रस्सा मिळत नाही का? तोच रस्सा, तोच घाम, मटण नाही. तेव्हा तुम्ही 'उरलं काय' विचारता का?

नागपुरी_ठसका:
पाटवडीवर बोलायचं नाही. ते वेगळं आहे.

रानमोगरा:
पोटोबा, वर्णन वाचून भूक लागली. एक विचारायचंय, राग मानू नका. आम्ही शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला असतो, इथे सगळे सांगतात की साउथ साइडला जाऊ नका, सेफ नाही. लहान मुलांना घेऊन जाता येईल का? आणि पार्किंग?

पोटोबा:
राग नाही, पण स्पष्ट लिहितो. हे 'सगळे' म्हणजे कोण? मी विचारत गेलो तेव्हा लक्षात आलं की सांगणाऱ्यांपैकी जवळपास कोणीच तिकडे गाडीतून खाली उतरलेलं नाही. साउथ साइड हा एक मोहल्ला नाही, शहराचा अर्धाअधिक भाग आहे, त्यात युनिव्हर्सिटी आहे, तलावाकाठचे बंगले आहेत, चॅथमसारख्या जुन्या मध्यमवर्गीय वस्त्या आहेत जिथे लोक हिवाळ्यात शेजाऱ्याचाही फुटपाथ साफ करतात. काही भागात गुन्हे जास्त आहेत हे खरंच आहे, ते कोणी नाकारत नाही. पण रविवारी दुपारी चर्चमधून आलेल्या आज्यांच्या रांगेत तुमच्या मुलांना काय होणारे? फार तर तीनतीनदा गाल ओढले जातील. पार्किंग रस्त्यावर, मिळतं.

अटलांटाकर:
अरे वा, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. अटलांटात वेस्ट एंडला सोल व्हेजिटेरियन म्हणून जुनं ठिकाण आहे, आणि त्याचं भावंड तुमच्या शिकागोतच ७५व्या रस्त्यावर आहे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. त्यामागची गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून लिहितो, लांब होईल.

शिकागोतल्या एका गटाचा असा विश्वास होता की आपण प्राचीन इस्राएलचे वंशज आहोत. बेन अमी हा त्यांचा पुढारी, शिकागोचाच. १९६७ साली हे लोक उठून लायबेरियाला गेले, तिथे जमलं नाही, मग १९६९ पासून इस्रायलमधे नेगेव्हच्या वाळवंटात दिमोना गावी. तिथे अनेक वर्षं नागरिकत्वाशिवाय राहिले, २००३ मधे कायम रहिवासाची परवानगी मिळाली. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी देणारी झाडं आणि फळं खायला देतो, त्याचा आधार घेऊन हे पूर्ण व्हीगन. त्यांच्या अमेरिकेतल्या मंडळींनी ही हॉटेलं काढली. त्यांचे बाकीचे विचार सगळेच पटतील असं नाही, एकापेक्षा जास्त बायका वगैरे प्रकार होते, पण खाण्याच्या बाबतीत मात्र मानलं. तेव्हा बदामाचं दूध, ओट मिल्क असलं काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं नाही हे लक्षात घ्या. गव्हाच्या ग्लुटेनचं 'मांस' ते स्वतः बनवायचे. तिथलं बार्बेक्यू ट्विस्ट सँडविच प्रसिद्ध आहे.

म्हणून कोणी 'व्हीगन म्हणजे गोऱ्या हिप्स्टरांचं फॅड' म्हटलं की मला हसू येतं. हे लोक हिप्स्टर जन्मायच्या आधीपासून करतायत.

माजघर:
ग्लुटेनचं मांस कसं करतात ते मी सुनेकडून बघितलंय, सांगते. कणीक घट्ट मळायची, तास दोन तास ठेवायची, मग पाण्याखाली धरून दाबत दाबत धुवायची. पांढरं पाणी निघत राहतं, निघत राहतं, शेवटी हातात चिवट गोळा उरतो. तोच शिजवून, मसाला लावून, तळून किंवा भाजून वाढतात. मी तिला म्हटलं अगं, कुरडयांना आपण बरोब्बर उलटं करतो! गहू तीन दिवस भिजवून वाटतो, चीक ठेवतो आणि चोथा गुरांपुढे टाकतो. ती मांसासाठी चोथ्यातलं ठेवते आणि चीक मोरीत ओतते. मला बघवेना. मी ते पाणी रात्रभर झाकून ठेवलं, निवळ काढली आणि सकाळी चीक शिजवून तूप मीठ घालून खाल्ला. (तूप घातलं म्हणून व्हीगन राहिला नाही, माहितेय.)

अटलांटाकर:
काकू, हे इथल्या एखाद्या स्वैपाकघरात जाऊन सांगायला हवं. _/\_

डॉ_डोंबिवली:
थोडं थंड पाणी ओततो. व्हीगन आहे म्हणजे पथ्याचं आहे असं समजून डायबिटीसवाल्यांनी तुटून पडू नका. पीठ लावून तळलेलं ते तळलेलंच, मशरूम असो की कोंबडी. ग्रेव्हीत मीठ भरपूर, रताळ्यात साखर, वर स्वीट टी. ब्लड प्रेशरचं प्रमाण तिथल्या कृष्णवर्णीय समाजात जास्त आहे आणि आपल्यात मधुमेहाचं, दोघांनीही ताट बघून भरावं. ग्रीन्स आणि चवळी मात्र बिनधास्त डबल घ्या. आणि जे पूर्ण व्हीगन आहेत त्यांनी बी१२ तपासत राहा, ते पाल्यातून मिळत नाही.

पोटोबा:
डॉक्टर, मान्य. मी तेच करायला लागलोय, मेन नकोच, चार साइड्सचं ताट मिळतं ते घ्यायचं. तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळ जण तेच घेतात हे बघितलं. आणि माझं तर म्हणणंच ते आहे की असल्या जागेची परीक्षा नकली चिकनवर करायची नाही, ग्रीन्सवर करायची. मांसाचा आधार काढून घेतल्यावर पाल्याला चव आणता येते की नाही तिथे आचारी कळतो. नकली चिकन कोणीही तळेल.

वाटाड्या:
मी इतका वेळ नुसता वाचत होतो. एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. असल्या धाग्यांत सूर सहज असा लागतो की बघा, त्या लोकांनाही शेवटी शाकाहार पटला. कृपया असं करू नका. आपल्याकडे शाकाहाराचा इतिहास काय आहे, कोण कोणाच्या ताटात डोकावून नाक मुरडत आलंय, वजडी (आतडी) चान्या (वाळवलेलं मांस) खाणाऱ्यांना गावात कुठे बसवलं जायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीत भाड्याने घर देताना आजही विचारतात. तिथे व्हीगन होणारे लोक कुठल्या वरच्या पायरीवरून खाली बघत नाहीयेत. त्यांच्या आज्यांनी जे मिळालं त्यातून स्वैपाक उभा केला आणि नातवंडं त्याच स्वैपाकातून काही गोष्टी स्वतःच्या मर्जीने बाजूला ठेवतायत. दोन्ही एक नाही.

पोटोबा:
वाटाड्या, पूर्ण सहमत. मी स्वतः सवयीने शाकाहारी आहे, त्यात माझं कर्तृत्व शून्य. आणि मित्राची आई त्याच टेबलावर बसून सांगत होती की घरी मी ग्रीन्समधे टर्कीच घालते, इथे येते कारण इथली चव चांगली आहे, तत्त्वबित्त्व काही नाही.

वहीतलं_पान:
वाटाड्यांच्या मुद्द्याला धरून थोडा इतिहास. 'गुलामांचं खाणं म्हणजे डुकराचं टाकाऊ मांस' हे चित्र अर्धवट आहे. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळून आला, त्याने १८४५ च्या आत्मचरित्रात शिधा लिहून ठेवलाय: मोठ्या माणसाला महिन्याला ८ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढे मासे, आणि एक बुशेल (धान्याचं जुनं माप) मक्याचं पीठ. ८ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या जरा वर, महिन्याचे! दिवसभर शेतात राबणाऱ्याला. म्हणजे पोट भरायचं ते मक्याने, आणि जिथे परवानगी असेल तिथे झोपडीमागे लावलेल्या पाल्याने, रताळ्याने, चवळीने. मांस चवीपुरतं. ओकलंडचे शेफ ब्रायंट टेरी हेच सांगत आलेत, की आम्ही नवं काही आणत नाही, आमच्या खाण्यात झाडपाला कायमच जास्त होता. रोज तळलेली कोंबडी हा प्रकार नंतरचा, पूर्वी तो रविवारचा, पाहुण्यांचा पदार्थ.

आणि चवळी आफ्रिकेची बरं का. तिथून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेला गेली. तीळ उलटे, मूळचे आपल्या उपखंडातले, आफ्रिकेतून फिरत कॅरोलिनात पोचले, तिथे चार्ल्सटनला अजून तिळाची पातळ बिस्किटं करतात.

साउथमधून म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून १९१० ते १९७० या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेला, पश्चिमेला गेले, त्यातले मिसिसिपीचे बरेचसे शिकागोत उतरले. पोटोबांच्या मित्राचे आजीआजोबा त्यातलेच असणार.

नागपुरी_ठसका:
हे आवडलं. अवांतर: जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं होतं ते अमेरिकेत गुलामी संपवायला झटलेल्या लोकांनाच. आणि इकडचे दलित पँथर तिकडच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून, १९७२. ब्लॅक पँथरवाले ओकलंडला पोरांना फुकट नाश्ता द्यायचे, १९६९ पासून. म्हणजे खाण्याचा धागा आहे, अवांतर नाही.

वाटाड्या:
ठसका, _/\_ पाटवडी माझ्याकडून.

रानमोगरा:
डिक ग्रेगरी राहिले की! कॉमेडियन, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्च्यांत असायचे. हिंसा करायची नाही म्हणतो तर मग जनावराला का मारायचं, असा सरळ हिशोब करून साठच्या दशकात मांस सोडलं. आमच्या शिकागोचेच म्हणायचे. किंग यांच्या पत्नी कोरेटा पण १९९५ पासून व्हीगन होत्या. शिवाय प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०१६ च्या सर्व्हेत कृष्णवर्णीयांमधे कडक शाकाहारी किंवा व्हीगन ८ टक्के निघाले, एकूण लोकांत ३ टक्के. (काल रात्री वाचत बसले, पोटोबांनी नाद लावला.)

अटलांटाकर:
एक बाजू अजून. गल्लीतलं असं हॉटेल टिकणं सोपं नसतं. साउथ साइडच्याच एंगलवूडमधे गाजावाजा करून होल फूड्स हे सुपरमार्केट उघडलं २०१६ ला, २०२२ ला बंद झालं. वस्तीत ताजी भाजी मिळायची मारामार आणि त्यात हा हॉटेलवाला रोज पेट्याच्या पेट्या पाला निवडतो, धुतो, कापतो. कॉलर्डची माती तीनतीन पाण्यांनी जात नाही. काजूचा भाव बघा. तेव्हा १९ डॉलर जास्त वाटले तर टिप देताना हात आखडू नका.

तुळशीवृंदावन:
माझी आई उन्हाळ्यात येतेय, माळकरी आहे. बाहेर कुठे खात नाही कारण 'त्याच कढईत काय तळलंय कोणास ठाऊक'. इथे चालेल का? चातुर्मासात कांदा लसूण पण बंद.

पोटोबा:
कढईचा प्रश्न मिटला, स्वैपाकघरात मांस अंडं दूध काहीच येत नाही. ताक, तूप, दही पण नाही हे आईंना आधी सांगा नाहीतर शेवटी दहीभात शोधतील. चातुर्मासात मात्र अवघड, कांदा लसूण ग्रीन्समधे, चवळीत, ग्रेव्हीत सगळीकडे. कॉर्नब्रेड, पाकातली रताळी आणि रताळ्याचा पाय एवढंच उरतं. आषाढी एकादशीच्या आधी घेऊन जा.

आणि एक सूचना, पदार्थांची नावं भाषांतर करून सांगू नका. आमच्या सासूबाईंना बायकोने कौतुकाने सांगितलं की हे बघ, हुबेहूब चिकन, तर त्यांनी ताट सरकवलं. 'हुबेहूब असेल तर मला नकोच' म्हणाल्या. मग मशरूमची भजी आहेत म्हटल्यावर चार खाल्ली.

कोथरूडकर:
पुण्यात असलं काही मिळणार नाही, सबब घरी करायचंय. कॉलर्डला पर्याय? कॉर्नब्रेडची कृती?

पोटोबा:
काश्मिरी लोकांची 'हाक' नावाची पालेभाजी याच घराण्यातली, पण पुण्यात मिळणं कठीण. नवलकोलचा पाला घ्या, भाजीवाले तोडून फेकतात, मागितला तर फुकट देतील. फ्लॉवरची कोवळी पानंही चालतात. देठ काढा, पानं गुंडाळून बोटभर पट्ट्या चिरा. तेलावर भरपूर कांदा, लसूण, स्मोक्ड पॅप्रिका (नसेल तर काश्मिरी तिखट, आणि शेवटी कोळशाचा धूर द्या), मीठ, पाला बुडेल इतकं पाणी, झाकून मंद गॅसवर पाऊण तास. कुकर नको. उतरवताना व्हिनेगर आणि चिमूट साखर.

कॉर्नब्रेडला मक्याचं जाडसर पिवळं पीठ दोन वाट्या, एक वाटी मैदा, बेकिंग पावडर, मीठ, सोया दुधात व्हिनेगर घालून फाटू द्यायचं ते दीड दोन वाट्या, तेल. मुख्य गंमत तव्यात आहे: बिडाचा तवा ओव्हनमधे तेलासकट कडक तापवायचा आणि त्यात पीठ ओतायचं, चर्र आवाज आला पाहिजे, नाहीतर खालची कड खरपूस होत नाही. साखर घालायची की नाही यावर तिकडे घराघरात भांडणं आहेत, मी पडत नाही.

कोथरूडकर:
केलं! नवलकोलचा पाला भाजीवाल्या मावशींनी पिशवीभर दिला, गाईला का म्हणून विचारलं. पाऊण तासात जरा चिवट राहिला, तासाच्या वर ठेवला मग जमलं. कोळशाचा धूर दिल्यावर खालच्या मजल्यावरचे काका बघायला आले. बाबा म्हणाले पाणी चांगलं आहे, पाला राहू दे. कॉर्नब्रेडला बिडाचा तवा नव्हता, केकच्या भांड्यात केला, कड आली नाही.

माजघर:
अगं जुन्या भाकरीचा बिडाचा तवा माळ्यावर असेल, आईला विचार. गंज खरवडून, तेल लावून दोनदा तापव.

नागपुरी_ठसका:
मी पुढच्या महिन्यात शिकागोला येतोय क्लायंटकडे. पोटोबा, नेशील का? फक्त पाला खाणार नाही, ते मशरूम पण पाहिजे. आणि हॉट सॉस किती तिखट आहे ते आधी सांग, मी वऱ्हाडी ठेचा बरोबर आणू का?

पोटोबा:
ये. सॉस आंबट जास्त, तिखट कमी. ठेचा आण, पण तेल शेंगदाण्याचं आहे का ते बघ, मावशी विचारतील, तिथे अ‍ॅलर्जीवाले असतात. आणि रविवारी साडेबाराच्या आत पोचायचं, एक नंतर ग्रीन्स संपतात.